गोमतीमावशीचा हात

प्रिय आई,

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. गल्लीत तंबू लागला, भंतेजींनी वंदना घेतली, महूहून सगळे आले, खीरदान झालं. सुदामा नगरात आपल्याला ओळखणारी इतकी माणसं आहेत हे मला कालच कळलं. सगळं नीट चाललं होतं. मग श्यामरावमामा बोलायला उभे राहिले. तुझे सख्खे भाऊ! म्हणाले, "आमची कमल स्वभावानं फार चांगली, पण बिचारी मनानं कमजोर. मिल बंद पडली आणि तिनं हाय खाल्ली."

मी तिथल्या तिथे उभी राहिले. "मामाजी, हे खरं नाहीये."

बाबांनी मान खाली घातली. मागून कुणीतरी कुजबुजलं, "अरे, गमी के मौके पे क्या बहस करना!" बहस कसली ग? तुझ्याबद्दल खोटं बोललं गेलं, मी ते दुरुस्त करत होते. पण महूच्या मावशीनं हात धरून मला खाली बसवलं, खिरीची वाटी पुढे केली आणि माझं बोलणं अर्धंच राहिलं. ते आज पूर्ण करतेय. आणि सांगायचं तर तुलाच सांगते, कारण तू असतीस तर मला खाली बसवलं नसतंस.

तू कमजोर? मिलच्या चाळीत तुझ्या हसण्याचा आवाज पाण्याच्या नळापर्यंत जायचा. रेशन दुकानवाल्याशी तू भांडायला निघालीस की चाळीतल्या बायका आपापल्या पिशव्या घेऊन तुझ्या मागे यायच्या! वाइंडिंग खात्यात, जिथे बायका सूत गुंडाळायच्या, तिथे यंत्रांच्या खडखडाटात सुद्धा तुझी हाक ऐकू येते असं गोमतीमावशी सांगायची.

गोमतीमावशी. बेटम्याची, माळवी बोलणारी, तुझी जिवाची मैत्रीण. गावाहून येताना ती माझ्यासाठी हरभऱ्याच्या गड्ड्या आणायची आणि माझी हनुवटी धरून तुला म्हणायची, "कमल, थारी छोरी तो म्हारा पे गई हे!" तू मराठीत उत्तर द्यायचीस, "तुझ्यावर गेली म्हणूनच इतकी खाते." दोघी हसत सुटायच्या. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी तुम्ही एकमेकींचा पदर कमरेला घट्ट खोचून द्यायचात. रोज. मी एकदा शाळेच्या सुट्टीत डबा द्यायला आले होते, तेव्हा गेटपाशी पाहिलं होतं ते.

गोमतीमावशी गेली त्या दुपारी काय झालं ते मला कित्येक वर्षं नीट माहीत नव्हतं. यंत्र फिरवणाऱ्या पट्ट्यासमोरची जाळी दुरुस्तीला काढली होती आणि परत लावलीच नव्हती. बायकांनी मुकादमाला सांगितलं होतं. "लग जाएगी, लग जाएगी," म्हणत त्यानं ढकललं. आणि गोमतीमावशी पट्ट्याजवळून जाताना तिच्या लुगड्याचा काठ आत ओढला गेला. तू धावलीस. तिचा हात धरलास. यंत्र थांबेपर्यंत सगळं संपलं होतं.

मिलनं काय ठरवलं? बाईचा पदर सैल होता, बाईची स्वतःचीच चूक. आणि सगळ्यात जवळ उभी असलेली साक्षीदार कोण? तू! तुला ऑफिसात बोलावलं. तू खुर्चीवर बसलीस, तोंड उघडलंस आणि शब्द फुटेना. समोरचे साहेब म्हणाले, "इसका तो दिमाग हिल गया है, ले जाओ इसको." बाबांनी तुला घरी आणलं. तुझी साक्ष तिथेच संपली.

त्यानंतर आपल्या घरात एक नवीन बाई राहायला आली, जी तुझ्यासारखी दिसायची. माझी वेणी इतकी आवळून बांधायची की कपाळ दुखायचं. माझ्या ओढण्या कापून आखूड करायची. टेम्पोत शेजारी बसलेल्या अनोळखी मुलीचा दुपट्टा बाहेर लोंबताना दिसला की किंचाळायची, तो ओढून तिच्या मांडीवर कोंबायची. मुलगी घाबरायची, लोक हसायचे. आणि आट्याची चक्की! तिचा पट्टा फटफट करत फिरायला लागला की तू रस्त्याच्या मधोमध गोठून उभी राहायचीस. मग तू त्या गल्लीनं जाणंच सोडलंस. गहू दळायला बाबा न्यायचे.

आणि मग मिल बंद पडली. एक नाही, एकामागोमाग. भोंगे थांबले. त्याच दिवसांत टीव्हीवर नवनवे साबण, नवनव्या मोटारी दिसायला लागल्या. बाबा म्हणायचे, "बाजार उघडला म्हणतात. मग आपलं गेट का बंद झालं?" बाबांना राऊच्या एका कॉलेजात चौकीदारी मिळाली, चाळ सुटली, आपण सुदामा नगरच्या टोकाला दोन खोल्यांत आलो. चाळीतल्या प्रत्येक घरावर संकट आलं होतं, त्यामुळे तुझं वेगळं असं काही उरलंच नाही. कोणी विचारलं तर एकच उत्तर तयार असायचं: "मिल बंद झाली ना, म्हणून असं झालंय तिला." मलासुद्धा हेच सांगण्यात आलं. पण आई, मी तर घरातच होते. मला माहीत होतं की मिलचा भोंगा रोज वाजत होता, बाबांचा पगार येत होता, आणि तरी तू चक्कीच्या गल्लीत पाऊल टाकत नव्हतीस.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा, सांगू? महूच्या आजोबांचा. म्हणजे आजोबांचा नाही, त्यांच्या वाट्याला जे आलं त्याचा. ते फौजेतून निवृत्त झालेले, लढाई पाहून आलेले. दिवाळीत मोठा फटाका वाजला की ते भिंतीला पाठ लावून खाली बसायचे. गल्लीतली माणसं पोरांना दटावायची, "फौजी बाबा आहेत, त्यांच्या दारापुढे बॉम्ब नको." किती मान! आणि त्यांचीच मुलगी पट्ट्याच्या आवाजानं थरथरली तर? नाटकं. कामचुकारपणा. कमजोर मन. बापाला जे झालं तेच लेकीला झालं होतं. फरक इतकाच की त्यांच्या अंगावर वर्दी होती आणि तुझ्या अंगावर सुती लुगडं.

म्हणून मी मानसशास्त्र घेतलं. मामाजी म्हणाले होते, "इससे अच्छा तो बी.एड. कर ले." नाही केलं! एम.ए. झाले आणि इथल्याच एका हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात एका अभ्यासाच्या कामावर लागले. मोठ्या आघातानंतर माणसाच्या मनात काय अडकून राहतं आणि कोणत्या उपचारानं ते सुटतं, असा तो अभ्यास. मी मुलाखती घ्यायचे. निवृत्त सैनिक यायचे, दंगलीतून वाचलेले यायचे, भूकंपात घर गमावलेलं एक जोडपं यायचं. आणि प्रत्येकाच्या तोंडून मी तुलाच ऐकत होते, आई. तेच दचकणं, तीच टाळलेली गल्ली. त्या दुखण्याला नाव होतं. पुस्तकात अख्खा धडा होता. पीटीएसडी. आघातानंतरचा तणाव. साध्या भाषेत मी असं समजले: बाकीच्या आठवणी जुन्या होतात, ही होत नाही. ती आजच घडत राहते. आणि माणूस तिच्यापासून जितका लांब पळतो तितकी ती ताजी राहते.

एका मीटिंगमध्ये मी विचारलं, "सर, मिलच्या अपघातातले लोक घ्यायचे का यात?" विभागाचे मोठे सर हसले. "अरे बेटा, वो तो बेरोज़गारी का डिप्रेशन है. मिल बंद हुई, आदमी उदास हुआ. उसमें ट्रॉमा कहाँ से आया?"

मी म्हणाले, "सर, मिल चालू होती तेव्हाच माझ्या आईचं चक्कीवर जाणं बंद झालं होतं."

सर म्हणाले, "पर्सनल बातें रिसर्च में नहीं लाते."

"मग त्यांना इथे येऊ द्या, सर. त्या स्वतः सांगतील. मी काही आणणार नाही."

त्या खोलीत उपचार करणाऱ्या एकट्या नीलिमा मॅडम माझ्या बाजूनं बोलल्या. भोपाळच्या, बारीक आवाजाच्या, पण मुद्दा न सोडणाऱ्या. म्हणाल्या, "सर, हम ये थोड़ी पूछते हैं कि यूनिफॉर्म में थे या नहीं. हम पूछते हैं कि क्या देखा." सर पुढच्या मुद्द्याकडे वळले. पण दार किलकिलं झालं, आणि मला तेवढं पुरे होतं.

तुला तयार करणं मात्र सरांपेक्षा कठीण गेलं! "मी वेडी नाही," म्हणून तू परात आपटलीस.

मी विचारलं, "आजोबा वेडे होते?"

तू परात उचलून ओट्यावर ठेवलीस. मग हळूच म्हणालीस, "त्यांना कुणी विचारलंच नाही ग कधी." दुसऱ्या दिवशी तू चपला घालून दारात उभी होतीस.

आपल्याच माणसावर आपण उपचार करायचे नसतात, म्हणून मी बाहेर बाकावर. आत तू आणि नीलिमा मॅडम. पहिल्या दिवशी तू फक्त मिलच्या गेटपर्यंत पोचलीस आणि रडायला लागलीस. मॅडम म्हणाल्या, "ठीक है अम्मा, आज गेट तक." हे सगळं तू मला नंतर सांगायचीस, चहा उकळता उकळता. डोळे मिटून बसायचं आणि ती दुपार आत्ता घडतेय असं बोलायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ते कॅसेटवर भरायचं आणि घरी येऊन ऐकायचं.

बाबांना ते सहन होईना. "हा कुठला इलाज? जखम खरवडायची आणि म्हणायचं बरी होईल?" त्यांचंही चुकत नव्हतं. सुरुवातीला तुला जास्तच त्रास झाला, जेवण तुटलं. मलाही वाटलं, थांबवावं का? पण तूच बाबांना म्हणालीस, "तुम्ही जरा फेरफटका मारून या. मला ऐकायचंय." आणि दार लावून घेतलंस. बंद दारामागून तुझाच आवाज यायचा, कॅसेटमधला: "मी खात्यात शिरतेय. गोमती हसतेय."

कॅसेटमध्ये एक जागा अशी होती की तू तिथे पोचलीस की आवाज बसायचा आणि तू घाईनं पुढे जायचीस. "मग मी हात सोडला," एवढंच. आम्ही सगळे समजत होतो की तुला पट्ट्याची भीती आहे. तुझ्या आत खरं तर हे वाक्य बसलं होतं! तू गोमतीमावशीचा हात सोडलास. तूच तिला मारलंस. इतकी वर्षं तू हे घेऊन आमच्यासाठी पोळ्या लाटत होतीस.

मॅडमनी त्या जागी थांबवलं. "अम्मा, जल्दी मत करो. एक बात बताओ. हाथ आपने छोड़ा, या छूटा?"

तुला प्रश्नच समजला नाही, असं तू मला नंतर सांगितलंस. मॅडमनी परत विचारलं. "छोड़ा, या छूटा? वहीं खड़े होकर देखो."

आणि तू पाहिलंस. दोन्ही हातांनी धरलंय. तिच्या बांगड्या फुटताहेत, काच तुझ्या तळव्यात शिरतेय, तू सोडत नाहीयेस. मागून कुणीतरी कमरेला मिठी मारून तुला ओढतंय, नाहीतर तू पण आत गेली असतीस. आणि तेव्हा हात जातो.

तू डोळे उघडलेस आणि आपला तळवा पाहिलास. त्यावर पांढऱ्या रेघा होत्या. इतकी वर्षं त्याच हातानं पीठ मळत होतीस आणि त्या रेघा कशाच्या, हे स्वतःला विचारलं नव्हतंस.

बाहेर आलीस, बाकावर माझ्या शेजारी बसलीस, आणि म्हणालीस, "प्रज्ञा, सुटला ग. मी सोडला नाही. सुटला."

त्या कॉरिडॉरमध्ये आपण दोघी मोठमोठ्यानं रडलो. वॉर्डबॉय म्हणाला, "माताजी, कोई चला गया क्या?" तू डोळे पुसत त्याला म्हणालीस, "नहीं भिया, कोई वापस आया है." मी ते कधी विसरणार नाही.

मग चक्की. ते पण उपचारातच होतं, जे टाळतेस तिथे थोडं थोडं जायचं, आणि भीती आपोआप उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. आधी समोरच्या फुटपाथवर. चक्कीवाला वैतागला. "अम्मा, पिसवाना है तो पिसवाओ, रोज़ देखने क्या आते हो?" तू म्हणालीस, "तुम चलाओ भिया, मैं देखूँगी." तुझं लुगडं घामानं भिजलेलं असायचं, पण तू उभी असायचीस. कमजोर बाई अशी उभी राहते का ग? एका सकाळी तू गव्हाचा डबा स्वतः चक्कीवर ठेवलास आणि घरी आलीस तेव्हा तुझ्या भुवयांवर पीठ होतं. बाबांनी ते पुसलं सुद्धा नाही. नुसते बघत राहिले.

एवढ्यावर थांबली असतीस तरी मॅडमनी तुला बरी म्हटलं असतं. पण तू थांबलीस का? म्हणालीस, "बेटम्याला जायचंय."

आपण दोघी बसनं गेलो. भंवरलालजी ओट्यावर बसले होते, गोमतीमावशीचे यजमान. म्हातारे झालेले. त्यांनी तुला ओळखलं आणि मान फिरवली. इतकी वर्षं त्या घरात हेच सांगितलं गेलं होतं की तुमच्या आईला पदर सांभाळता आला नाही. तू उभ्या उभ्याच बोललीस. "भैया, पल्ला उसका कसा हुआ था. मैंने अपने हाथ से खोंसा था. जाली नहीं थी मशीन पे. गोमती की गलती नहीं थी."

त्यांनी मान परत तुझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "इत्ता साल क्यों नी बोली, बेन?"

"आवाज बंद थी मेरी. इलाज करवा के आई हूँ."

असं सरळ सांगितलंस, आई! जसं कुणी सांगेल की पाय मोडला होता, प्लास्टर होतं. भंवरलालजींनी आतून मुलाला हाक मारली. तोही आता संसारी माणूस. त्याला समोर उभं करून त्याच्या आईबद्दल म्हणाले, "सुण, थारी बई की गलती नी थी." आणि गमछ्यात तोंड लपवलं. त्याच्या बायकोनं आपल्याला दाल-बाटी खाल्ल्याशिवाय हलू दिलं नाही.

त्यानंतर मिलच्या बंद गेटसमोर कामगारांची सभा होती, थकलेल्या पैशांची. तू सरळ मंचावर चढलीस. नेते म्हणाले, "बहनजी, आज का मुद्दा बकाया है." तू माइक धरलास. "इस गेट के अंदर गोमती मरी थी. जाली नहीं लगाई थी. ये भी बकाया है." कुणीतरी ओरडलं, "अब क्या फायदा?" तू माइक सोडला नाहीस. आणि मग गर्दीतून वाइंडिंग खात्यातली एक बाई उठली. "मैं भी थी वहाँ. मैंने ही कमल को पकड़ के खींचा था." मग दुसरी उठली. तुझा आवाज लाउडस्पीकरमधून पार चौकापर्यंत गेला असेल.

कागदावर काही बदललं नाही, हे मला माहीत आहे. त्या मुकादमाला कुणी काही विचारलं नाही. आणि तू पूर्ण बरी झालीस असंही मी म्हणणार नाही. उसाच्या रसाच्या चरकाजवळ तुला शेवटपर्यंत उभं राहवायचं नाही, काही दिवस कारणाशिवाय वाईट जायचे. पण ते दिवस आता जायचे. आधी येऊन बसायचे. मामाजींना हा फरक कधी दिसला नाही. तो बघायला रोज घरात असावं लागतं.

आणि आता माझं भांडण तुझ्याशी! छातीत दुखतंय हे का नाही सांगितलंस? ज्या बाईनं लाउडस्पीकरवर मिलचा हिशोब मागितला, तिला लेकीला एवढं सांगता येऊ नये? "गॅस झाला असेल," म्हणून ओवा खाऊन झोपलीस! याचा राग मला बरीच वर्षं पुरेल. आणि खंत विचारशील तर एकच. हा उपचार जगात होता, कुणीतरी कुठेतरी तो घेत होतं, आणि तो आपल्या गल्लीपर्यंत यायला तुझं अर्धं आयुष्य गेलं.

परवा माझ्याकडे एक बाई आली होती. पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यातली, माझ्याच वयाची. तिच्या डोळ्यांदेखत शेजारच्या मुलीची बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. नवरा म्हणाला, "मैडम, ये काम पे नहीं जाने का बहाना ढूँढती है." ती बाई दाराजवळच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून, आणि काहीच न बोलता निघून गेली.

तर आई, वचन देते. ती परत आली तर मी तिला घाई करणार नाही. गेटपर्यंत येईल तर गेटपर्यंत. आणि नाही आली तर सोमवारी मी पीथमपूरची बस पकडणार आहे, तिच्या खोलीवर जाणार आहे. नवरा दारात उभा राहिला तर त्यालाही बसवणार आहे आणि सांगणार आहे की बहाणा कशाला म्हणतात आणि जखम कशाला. मोठ्या सरांना कळवलंय, कारखान्यातल्या बायका आता या अभ्यासात येणार. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. मी त्यांच्या हो म्हणण्याची वाट बघत नाहीये.

तुझी भांडखोर लेक,
प्रज्ञा